कळशीचा पोचा

श्रीनाथभावजींच्या गेममधली रेल्वे कशालाही धडकली तरी नवीकोरीच राहायची. समोरून मालगाडी येऊन आदळली तरी डब्याच्या रंगाचा टवका उडत नसे. लोक खाली कमेंटमध्ये लिहायचे, "भाऊ, डबा पत्र्याचा हाय का रबराचा?"

भावजी माझे चुलत दीर, लातूरचे. कॉम्प्युटरवरच्या रेल्वेच्या गेमसाठी ते आपल्याकडचे डबे बनवतात. त्यांनीच मला नांदेडला फोन केला. "वहिनी, तुम्ही अ‍ॅनिमेशन शिकलेल्या ना? डब्यांचं डॅमेज करून द्या की. नाव टाकतो तुमचं."

मनू तेव्हा रांगत होती. दुपारी तिला मांडीवर निजवायचं, एका हाताने थोपटायचं आणि दुसऱ्या हाताने डबे चेपायचे. ती कुसमुसली की माऊस सोडायचा, तिचा श्वास संथ झाला की परत धरायचा. तिच्या जावळाचा वास येत असायचा आणि मी पडद्यावर पत्रा फाडत असायचे.

पत्रा चेपतो कसा, ते मी मोरीत भांड्यांपाशी बसून पाहिलं. पोचा नुसता आत जात नाही. त्याच्या कडेला पत्रा वर उचलतो, आणि रंग आधी तिथेच सुटतो. रंगाखालचा पत्रा दाखवायला मी माझ्या लग्नातल्या स्टीलच्या कळशीचा फोटो वापरला, पोच्यासकट. त्यात कळशीवर कोरलेलं नावही आलं. पुसता आलं असतं. नाही पुसलं.

परवा लातूरला भावजींच्या वडिलांची, आप्पासाहेबांची एकसष्टी झाली. जेवणं आटोपल्यावर भावजींनी टीव्हीला कॉम्प्युटर जोडला. घरभर पाहुणे. गाडी सुरू होण्याआधी पडद्यावर अक्षरं आली. डबे: श्रीनाथ. बॉडी डॅमेज: श्रीनाथ.

कानशिलं तापली माझी.

"भावजी, माझं नाव कुठंय?"

"राहिलंच बघा वहिनी! घरातल्या घरात काय नाव घेऊन बसलाव?"

"घरातल्या घरात तुमचं बरं आलं."

"गाडी माझी हाय ना. तुम्ही नुसते पोचे पाडले." मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "भांडी आपटायची सवय, दुसरं काय!"

सगळे हसले. आप्पासाहेबही हसले. माझे यजमान मुकुल, तेही हसले.

मी मनूला कडेवर घेतलं, पुढे जाऊन बसले आणि भावजींच्या हातून कीबोर्ड ओढला. बाजूच्या सायडिंगच्या लाइनला गाडी घातली. तिच्या शेवटाला रूळ संपतात, तिथे सिमेंटचा अडथळा असतो. ब्रेकला हात लावला नाही.

"अहो वहिनी, हळू! हळू!"

डबा आदळला. कोपरा आत गेला, कड उचलली, निळा रंग पापुद्र्यासारखा उडाला. मी चित्र मोठं केलं. पोच्याच्या आत, उघड्या पत्र्यावर, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती: चि. सौ. कां. श्रद्धा हिस मामांकडून.



"ही श्रद्धा कोण?" आप्पासाहेबांनी विचारलं.

मला या घरात आरती म्हणतात. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने ते नाव लिहिलं गेलं. लिहिलं ते मुकुलनी. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मोबाइलमध्ये मान घातली.

"वहिनींनी नेटवरून कुणाचं तरी उचललं असंल," भावजी घाईने म्हणाले. "मला काय माहीत, मी तर उघडून बी बघितलं न्हाई."

"म्हणजे तुम्ही नाही केलं," मी म्हटलं.



तेवढ्यात दारापाशी पान लावत बसलेल्या माझ्या सासूबाई उठल्या. टीव्हीजवळ गेल्या, डोळे बारीक केले.

"अगं बया! ही तर आपली कळशी हाय. ह्यो पोचा माझ्या हातनं पडलाय, हौदाच्या काठावर." मग भावजींना म्हणाल्या, "श्रद्धा म्हंजी हीच की रे. रोज घासते मी ते नाव. काढ तुझं, अन् हिचं टाक."

भावजींनी मान खाली घालून टाइप करायला घेतलं. "काय टाकू? आरती?"

"जे कळशीवर आहे ते."

"लोक विचारतील ना वहिनी, कोण म्हणून."

"विचारू दे."

परतीच्या बसमध्ये लोह्यापर्यंत मी मुकुलशी बोलले नाही. लोह्याला बस थांबली तसे तेच म्हणाले, "एवढं काय चिडायचं? आलं ना नाव."

"आईंना वाचून कळलं. तुम्हाला तर माहीतच होतं."

"चारचौघांत तमाशा नको म्हणून..."

"तमाशा बघून हसलात मात्र."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मनू माझ्या खांद्यावर झोपली होती, गालावर लाळेचा ओघळ. मी तो पदराने टिपला, तिच्या कपाळाची पापी घेतली आणि तिला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"उद्यापासून दुपारची ही तुमच्याकडे. तुमचं दुकान दुपारचं बंद ठेवा नाहीतर हिला तिथे न्या, काय ते तुम्ही बघा. मला दोन्ही हात लागतात."

मनू कुसमुसली. त्यांना थोपटता येईना. मी हात पुढे केला नाही.