पट्टे कुठून सुरू होत होते

शेंगांच्या पोत्यात हात घालताना माझ्या थोरल्या जाऊबाईंना, चंदनाआक्कांना, साप चावला. काळा, अंगावर पांढरे पट्टे. आमच्या घरात जीव मारत नाहीत. मी त्याला काठीनं मडक्यात घेतलं आणि नेहमीसारखं तंबाखूच्या रानात सोडून आले.

निपाणीहून वैद्य आले. "साप कुठाय?"

"सोडला."

"मग मी कशावरनं ओळखू, बाई? पट्टे मानेपासनं असले तर कवड्या, त्याला विष न्हाय. शेपटीकडंच ठळक असले तर मण्यार."

मला आठवेना. माझं सगळं लक्ष त्याला काठी लागू नये, इकडंच होतं.

"कवड्याच असंल," आक्का हसून म्हणाल्या. "सूज न्हाय, आग न्हाय. जीव वाचवलास, बरं केलंस गं."

"मण्यारीचंबी दुखत न्हाय, नुसत्या पापण्या मिटाय लागत्यात," वैद्य हळूच म्हणाले.

बेळगावच्या दवाखान्यात बैलगाडी पोचायला सकाळ होणार होती. तरी यजमान बैल जुंपायला गेले.

अंगणात अजून ऊन होतं.

"चंपा, डोळं मिटाय लागलंत गं," आक्का म्हणाल्या.

मी बोटांनी त्यांच्या पापण्या वर धरल्या आणि णमोकार मंत्र म्हणू लागले. वैद्यांनी आपली पिशवी उघडलीच नाही.