तोंडावर केशरी

टेक तीन

"आजोबा, नुसते ओठ हलवा," दिग्दर्शक क्रॅस्नर काचेमागून स्पीकरवर म्हणाला. "गाणं आम्ही लावतोय."

"पर मीच गातोय की," ऑर्व्हिल स्टॅम्पर म्हणाला.

सेटवर सगळे हसले. 'पेपर लँटर्न्स' या बँडचे चौघेही हसले, आणि हे चौघे वर्षभर रेडिओवर ज्या गाण्यानं गाजत होते ते या म्हाताऱ्याचं होतं. एकोणचाळीस साली केंटकीतल्या त्याच्या खाणीत अकरा जण गाडले गेले, तेव्हा त्यानं ते रचलं. शेवटच्या कडव्यात अकरा नावं. चौघांनी चालीला इलेक्ट्रिक गिटार लावली आणि ते कडवं कापलं.

मी वर मचाणावर होतो. माझं काम उजेडाचं. एकात एक बसणाऱ्या दोन काचेच्या थाळ्या, मध्ये तेल, पाणी, रंग, खाली दिवा. अंगठ्यानं दाबलं की गाणाऱ्यांच्या अंगावर रंगीत बुडबुडे फुगत. त्याआधी मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धूत असे.

टेक पाच

म्हातारा पुन्हा चुकला. सकाळी ध्वनिमुद्रित केलेला त्याचाच आवाज पुढे गेला, तो मागे राहिला.

जेवणाच्या सुट्टीत सँडविच घेऊन तो माझ्याशेजारी बसला. "दोनदा सारखं कसं गाणार रं माणूस? दर खेपेला निराळंच येतंय."

"सवय होईल."

"आमच्या दुकानात टीव्ही आणलाय. रविवारी ह्यो कार्यक्रम लागंल तवा समद्या विधवा बसणार बघायला. सकाळी नावांचं कडवं घेतलंच न्हाई त्या काचेमागच्यानं. म्हनला, दुपारी बघू."

"मग?"

"मग काय, झाली की दुपार."

त्याच्या समोरच्या माइकची वायर गालिच्याखाली संपते, कशालाच जोडलेली नसते, हे मला ठाऊक होतं. मी सँडविच चावत राहिलो. मला परत बाटल्या धुवायला जायचं नव्हतं.

टेक सहा

वाया. चौघांतल्या एकाच्या हातून खंजिरी पडली.

टेक आठ

त्याची कडवी संपली. चौघांचं ध्रुपद सुरू झालं. इथे त्यानं मागे सरकून टाळ्या वाजवायच्या होत्या. तो पुढे आला, माइकला तोंड लावलं, डोळे मिटले. स्पीकर एवढे मोठ्यानं वाजत होते की मला वरून फक्त जबडा हलताना दिसत होता.

"हा काय चघळतोय?" क्रॅस्नरनं माझ्या हेडफोनमध्ये विचारलं.

"नावं घेतोय."

"कुणाची?"

"खाणीतल्यांची."

"ओठ जुळत नाहीयेत. थांबवू नका, पाचला स्टुडिओ सोडायचाय. तू त्याच्या तोंडावर केशरी आण."

मी अंगठा दाबला. दाट केशरी बुडबुडा त्याच्या छातीवरून चढत दाढीवर आला, मग ओठांवर. त्यानं मान वळवली, मीही थाळी वळवली. या कामात माझा हात बसलेला होता. केशरीखाली काही दिसत नव्हतं, फक्त प्रत्येक नावाला हनुवटी किंचित उचलली जायची. मी मोजलं. अकरा वेळा.

"सुंदर," क्रॅस्नर म्हणाला. "हाच ठेवायचा."

त्यानंतर टेक झाला नाही.

बाहेर फोनपाशी ऑर्व्हिलनं मला गाठलं. चेहऱ्यावर अजून पावडर होती. "समदी आली का रं?"

"अकराच्या अकरा," मी म्हणालो.

त्यानं गावातल्या दुकानात फोन लावला. "बर्निस, नावं घेतली बघ. हां, समद्यांची. रविवारी येळेत बोलाव बायकांना. आन् डेल्फीकाकूला कानानं ऐकू येत न्हाई, तिला पार पुढं बसव, टीव्हीला खेटून. माझ्या ओठांवर कळंल तिला लेकाचं नाव."

फोन ठेवून त्यानं ते नाव मला म्हणून दाखवलं. आवाज न काढता, सावकाश, ओठ पुरते उघडून, तिला कळेल असं.