नऊ ओळींचं फंक्शन

लिहिलेला प्रोग्रॅम तपासून मगच यंत्राच्या हवाली करणारा कंपायलर माणसासारखा भिडेखातर होकार देत नाही, अशी सुदर्शन काळवणे यांची एकवीस वर्षांची श्रद्धा होती. मंगळवारी कंपायलरची नवी आवृत्ती आली आणि जुन्या आवृत्तीने अकरा वर्षं भिडेखातरच होकार दिला होता, हे उघड झालं.

"सर, नवा कंपायलर तुमच्या त्या जुन्या फंक्शनवर अडलाय," तनुजा म्हणाली. ती त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान आणि आता त्यांची टीम लीड.

क्रांती चौकातल्या त्या ऑफिसात क्लायंटला नाही म्हणायची पद्धत नव्हती. अकरा वर्षांपूर्वी एका क्लायंटला नोंद अशी हवी होती, की एकदा केली की कुणालाही बदलता येऊ नये, आणि रोज बदलता यावी. सुदर्शन "होऊन जाईल" म्हणाले आणि दोन्ही अटी नऊ ओळींच्या एका फंक्शनमध्ये शेजारी शेजारी लिहून मोकळे झाले. कंपायलर गप्प राहिला. वर त्यांनी, आहेराच्या ताटावर कोरतात तसं, आपलं नाव टाकलं. त्यांचं बाकीचं काम पुढच्यांनी नव्यानं लिहून काढलं. नाव उरलं ते इथंच.

आणि आज पाचच्या आत फॉर्म भरायचा होता. रकाना होता, 'सध्या वापरात असलेलं तुमचं काम'. त्यावरून टीममधले दोघे कामावरून कमी होणार होते.

"दोन्ही अटींत बसणारी नोंद जगात असूच शकत नाय, सर."

"नसू दे. कुणी वापरायला आलं की अडव म्हणावं कंपायलरला. आधीच कशाला?"

"म्हंजे चूक लिहिणाऱ्याची, आन् डोक्याला ताप वापरणाऱ्याच्या?"

"अकरा वर्षं चाललं ना पण?"

तनुजाने ते फंक्शन कुठून कुठून वापरलं जातं, ते शोधलं. पडद्यावर शून्य आलं.

"चाललं नाय, सर. पडून होतं."

"अपने कने ऐसे लोगां बी लई हैं," पलीकडच्या टेबलावरचा वासिफ म्हणाला. एरवी सगळे हसले असते. आज प्रत्येकानं आपापल्या पडद्यात डोकं घातलं.

"मी काढू का?" तनुजानं हळू विचारलं.

"नको. मीच काढतो."

त्यांनी माउस ओढून घेतला. नऊ ओळी गेल्या, वरचं नावही गेलं. चाळीस सेकंदांत प्रोग्रॅम तयार झाला. कुठंच काही अडलं नाही.

पाचला दहा कमी असताना त्यांनी फॉर्ममधला तो रकाना तसाच कोरा ठेवून बटण दाबलं, आणि 'रकाना भरा' अशी लाल अक्षरं उमटायची वाट पाहत बसले.

फॉर्म गेला. तो रकाना भरणं सक्तीचं नव्हतं.