सरस्वतीखालचं नाव

मुखेडजवळच्या त्या सरकारी शाळेत सरस्वतीची तसबीर होती, अण्णारावांनी बापाच्या नावानं दिलेली. देवी वीतभर अन् खाली ‘कै. अमृतराव यांच्या स्मरणार्थ’ हातभर. आता तुम्हीच सांगा, तसबीर कुणाची म्हणायची?

नव्या मुख्याध्यापिका महानंदाबाईंनी ती उतरवून अण्णारावांच्या घरी पाठवली. शाळा सरकारी, लेकरं सगळ्या धर्मांची, भिंतीवर कुठल्याच धर्माचं काही नको, असं त्यांचं म्हणणं. अण्णारावांचं टाळकंच फिरलं. धर्म बुडाला म्हणत ते तडक निजामोद्दीन पेंटरकडं गेले अन् मोर्चाचा फलक रंगवायला सांगितला.

निजामोद्दीननं ब्रश हातात घेऊन विचारलं, "अण्णा, देवी देवळात ठिवली तर न्हाई का जमत?"

"देवळात लोक डोळे मिटून उभे राहतेत. नाव कोण वाचतंय?"

बोलून गेले अन् स्वतःच ओशाळले. बापानं जन्मभर कागदावर अंगठाच उठवलेला. त्याचं नाव शाळेतल्या लेकरांनी रोज वाचावं, एवढीच अण्णारावांची हौस. खरं सांगायचं तर देवीचं त्यांना फारसं पडलेलं नव्हतं.

"मग बाईंना हेच सांगा की," निजामोद्दीन म्हणाला अन् ब्रश खाली ठेवला.

अण्णाराव शाळेत गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "घड्याळ, पंखे, पाण्याची टाकी, सगळ्यांवर कुणा ना कुणाचं नाव आहे, अण्णा. एकच वस्तू कुणी देत नाही. मुलींच्या संडासाला दार नाही. पोरी दुपारी घरी जातात, त्या परत येत नाहीत."

"संडासावर माझ्या बापाचं नाव? बाई, तुमची जीभ तरी कशी रेटली?" अण्णाराव तणतणत घरी गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेत लोखंडी दार आलं अन् बसलंही. बाहेरून नुसतं हिरवं.

"नाव कुठंय?" बाईंनी विचारलं.

"आतून हाय," अण्णाराव खालमानेनं म्हणाले. "बाहेरून असलं तर गाव हसंल. अन् आत कुणाला घाई नसती. लेकरं निवांत वाचतील."

बाईंनी पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

दुपारी पहिलीतली सुकन्या घरी न जाता आत गेली. कडी लागली अन् आतून आवाज आला, "अ... मृ... त... राव." अण्णाराव लांब व्हरांड्यात उभे होते. बापाचं नाव कुणी वाचलेलं त्यांनी आजवर ऐकलंच नव्हतं. त्यांना रडू आवरेना.