आठवा विषय

घरांची किंमत ठरवून देणाऱ्या एका साहेबांकडे ती एकोणीस वर्षं कामाला होती. टेप धरायची, भिंती मोजायची, ओल कुठे आहे ते टिपून घ्यायची आणि अहवालही तीच लिहायची. सही तेवढी साहेबांची. निवृत्तीला आल्यावर साहेब म्हणाले, "आता तूच परवाना काढ. मी गेल्यावर तुझ्या कामावर सही कोण करणार?"

परवान्यासाठी कॉलेजचे आठ विषय पास हवे होते. तिने कॉलेज दोन वर्षांत सोडलेलं. परवाना कार्यालयातल्या बाईंनी तिची जुनी गुणपत्रिका बोट फिरवत वाचली.

"सात धरले. संख्याशास्त्र राहिलं."

"एकोणीस वर्षांचा अनुभव आहे माझा."

"तो वेगळ्या रकान्यात," बाई म्हणाल्या.

संध्याकाळच्या कॉलेजात तिने नाव घातलं. पहिल्या चाचणीत शंभरपैकी अठरा पडले. घरात गणित येणारं माणूस एकच, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली मोठी नणंद. आणि दोघींचं अकरा वर्षं धड बोलणं नव्हतं. सासऱ्यांचं घर तिच्या नवऱ्याने ठेवून घेतलं आणि बहिणीला तिचा हिस्सा पैशात दिला. किंमत साहेबांनीच काढली होती. "घरचीच टेप, घरचाच भाव," असं नणंद तेव्हा चारचौघांत बोलली होती.

तरी तिने फोन लावला. "ताई, मला संख्याशास्त्र शिकवाल?"

"रविवारी सकाळी येते. पेन्सिलीला टोक करून ठेव."

नणंद यायची, पर्स मांडीवर घेऊन बसायची, चहाला नको म्हणायची. शिकवायची मात्र मन लावून. "घोकू नकोस गं. आकडा आला कुठून ते आधी बघ." तिसऱ्या रविवारी तिने चहा घेतला.

पाचव्या रविवारी नमुना निवडीचा धडा होता. "सगळी घरं मोजता येत नाहीत, म्हणून थोडी निवडायची," नणंद म्हणाली. "निवड वाकडी झाली की उत्तर वाकडं. तुझ्या कामातलं एखादं उदाहरण घे."

ती उठली आणि कपाटातून सासऱ्यांच्या घराचा अहवाल घेऊन आली. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. तुलनेसाठी साहेबांनी विकली गेलेली तीन घरं घेतली होती. तिन्ही रेल्वेच्या रुळाला लागून, म्हणून स्वस्तातली. सासऱ्यांचं घर रुळापासून चार गल्ल्या आत. आतल्या बाजूला त्या वर्षी विकलेली सहा घरं तिच्या जुन्या वह्यांत सापडली. दोघींनी गणित नव्याने मांडलं. अर्धा तास लागला. हिस्सा आठव्या भागाने कमी पडला होता.

"ही तीन कोणी निवडली?"

"साहेबांनी. यादी मी टाइप केली. तेव्हाच खटकलं होतं. बोलले नाही."

नणंदेने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "बरं. पुढचं घे."

दुपारी जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. "अकरा वर्षांनी कशाला उकरून काढतेस?" तो म्हणाला.

"उत्तर ताईंसमोर बसून काढलंय मी. आता पुसू कशी?"

आठवडाभर तो घुम्यासारखा वागला. मग एका सकाळी बहिणीकडे जाऊन आला. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. फरक तो तीन हप्त्यांत देणार, एवढंच कळलं. नणंदेने व्याज मागितलं नाही, आणि राहू दे असंही म्हटलं नाही.

परीक्षेत तिला बासष्ट गुण मिळाले. आठवा विषय सुटला. कॉलेजच्या पायऱ्यांवरूनच तिने फोन केला.

"बासष्ट, ताई."

"आणि अडतीस कुठे सांडले?"

"बरेचसे तिसऱ्या प्रश्नात. तक्ता उतरवताना एक ओळच सुटली."

"घाई. तुझी घाई नडते. वाच बरं तो प्रश्न."

तिने पिशवीतून प्रश्नपत्रिका काढली, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट देत कडेला बसली आणि वाचायला लागली.