वरच्या पार्किंगपर्यंत

"आई, यंदा तूही चल डोंगर चढायला," असं मुलगा म्हणाला, तेव्हापासून मी रोज इमारतीचे जिने चढत होते.

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर पहारेकरी म्हणाला, "गाडीत म्हातारं माणूस असेल तरच वरच्या पार्किंगपर्यंत सोडतो."

"आहे की! मागे बघा," मुलगा म्हणाला.

सून हसली. "आईंमुळे अर्धा डोंगर वाचला!"

वर पोचल्यावर मीही बुटांच्या नाड्या आवळल्या.

"अगं, तू कुठे निघालीस?" मुलगा म्हणाला. "गुडघे धरले तर उचलून कोण आणणार? बस गाडीत नाम घेत."

मी बसले. नामात मन काही लागेना.

दोघं गाडीपाशी परतल्यावर सुनेने शिखरावरचे फोटो दाखवले.

"छान आलेत," मी म्हटलं.

"पुढच्या वेळीही तुम्ही हव्यातच हं, आई. आपण जाणार त्या उद्यानातही हाच नियम आहे."