पदरानं पुसलेलं पीठ

काशम्माच्या हातची कडक भाकरी पापडासारखी मोडायची. सोलापुरातून तिच्या भाकऱ्यांची पार्सलं पार पुण्यापर्यंत जायची. तव्याच्या धगीनं हात कोपरापर्यंत लाल होणार आणि भाकरीच्या कडेनं हिरडी सोलणार, हे तिनं तीस वर्षं बघितलेलं. अनुभव दांडगा. तोच नडला.

ऐन दसऱ्याच्या ऑर्डरीत सून चंद्रिका तापानं फणफणली. डोळे लाल, अंग ठणकत होतं. चार दिवस काशम्मानं तिला अंथरुणावरून उठू दिलं नाही. पेज चमच्याचमच्यानं भरवली. सून म्हणून नाही, लेक म्हणूनच. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. काशम्मानं तिच्या कपाळाला विभूती लावली आणि निर्धास्त होऊन परातीपाशी बसली.

एवढ्यात चंद्रिका चूळ भरून सासूपाशी आली. "अत्ती, हिरड्यातनं रक्त यायलंय."

"कडक भाकरीची कड लागली असंल. माज्या बी सोलत्यात की."

"हात बी लाल झालेत. लई खाजायलंय."

"तव्याची धग हाय ती. नवीन हाईस का तू या कामाला?"

तरी तिनं सुनेचा हात ओढून बघितला. सगळ्या लालीत बारीक पांढरे ठिपके राहिले होते. ज्वारीचं पीठ उडालंय, असं समजून काशम्मानं ते पदरानं पुसले. गेले नाहीत. पदराचं टोक ओलं करून पुन्हा घासले.

"वाळलंय. आंगुळीत जाईल," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

दुपारी चंद्रिकाच्या पोटात कळा सुरू झाल्या. संध्याकाळी नाकातून रक्त आलं, तेव्हा कुठं रिक्षा बोलावली. डेंग्यू होता. डॉक्टर म्हणाले, ताप उतरला तरी खरा धोका तेव्हाच असतो; हिरडीतलं रक्त दिसलं तेव्हाच आणायला हवं होतं. हातावरची लाली आणि त्यातले पांढरे ठिपके, तेही डेंग्यूचंच पुरळ होतं. तिसऱ्या दिवशी चंद्रिका गेली.

काशम्मानं लेकाला, संगमेशला, काहीच लपवलं नाही. भाकरीचं सांगितलं, तव्याचं सांगितलं. तो होटगीला रेल्वेत कामाला. त्या दिवशीही ड्युटीवरच होता. त्यानं आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"अव्वा," तो हळूच म्हणाला, "चार दिवस ती तव्याकडं गेलीच कुटं? आन् भाकरी कवा खाल्ली? पेज तर तूच भरवत हुतीस की."

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिनं, तीही स्वतःच्या हातानं चमचा धरलेला असताना. तीस वर्षं चूल सांभाळली आणि एवढं साधं सुचू नये? याची लाज तिला आता जन्मभर पुरणार होती.

ऑर्डरी अजूनही येतात. भाकरी थापताना हातावर पीठ उडतं. काशम्मा थांबते, पदरानं पुसते.

लगेच जातं.